पंचाची चूक आणि तिची मुदत

बास्केटबॉलच्या सामन्यात पंचाच्या हातून चूक होणार, हे गृहीत धरूनच या खेळाचे नियम रचले गेले आहेत, आणि जिल्ह्याच्या आंतरशालेय स्पर्धांत किंवा महाविद्यालयांच्या सामन्यांत ज्यांनी नुकतीच शिट्टी हाती घेतली आहे, त्यांनी ही गोष्ट सर्वांआधी ध्यानात घ्यावी. कारण नवशिक्या पंचाची निम्मी त्रेधा आपल्याकडून चूक होऊच नये या अट्टाहासापायी, आणि उरलेली निम्मी ती झाल्यावर कायदा काय सांगतो हे ठाऊक नसल्यामुळे उडते. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशा जागेत १० खेळाडू एकमेकांच्या अंगावरून वाट काढीत असतात, ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला २४ सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने तो टाकावाच लागतो, आणि या सगळ्या लगबगीत दोन किंवा फार तर तीन पंचांना पायांची रेषा, हातांचा स्पर्श, घड्याळ आणि खेळाडूंची भाषा या सर्वांवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. अशा कामात गफलत व्हायचीच. प्रश्न असतो तो दुरुस्तीचा. आणि दुरुस्तीचा हक्क पंचाला असला, तरी तो मुदतीचा हक्क आहे, हे बहुतेक वादांच्या मुळाशी असलेले सत्य फार थोड्यांना नीट उमगलेले असते.

आपल्याकडील सामने फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार चालतात, म्हणून पुढील विवेचनही त्याच नियमांना धरून केले आहे. पंचाच्या चुकांचे, व्यवहाराच्या सोयीसाठी, तीन वर्ग पाडता येतील: निवाड्याच्या चुका, नियमाच्या अंमलबजावणीतील चुका, आणि टेबलावरील नोंदीच्या चुका. तिन्ही वर्गांची मुदत निराळी आहे, आणि एका वर्गाची मुदत दुसऱ्याला लावू गेल्यास घोटाळा ठरलेला.

निवाड्याची चूक म्हणजे डोळ्यांची चूक. बचाव करणारा खेळाडू जागेवर स्थिर होता की सरकत होता, मनगटाला हात लागला की केवळ चेंडूला, याविषयी पंचाने दिलेला फैसला चुकला असेल, तर खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो मागे फिरविण्याचा कोणताही मार्ग मैदानावर उपलब्ध नाही. दुरुस्तीला जी काही जागा आहे, ती शिट्टी वाजल्यापासून चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंतच्या चार-सहा सेकंदांत. या सेकंदांचा उपयोग कसा करावा, याचा एक परिपाठ आहे. समजा, चेंडू रेषेबाहेर गेला, जवळच्या पंचाने तांबड्या संघाकडे बोट दाखविले, परंतु पलीकडच्या पंचाने तांबड्या खेळाडूचेच बोट शेवटी चेंडूला लागलेले स्वच्छ पाहिले. अशा वेळी त्या दुसऱ्या पंचाने लांबूनच उलट दिशेला हात करू नये. सहकाऱ्याच्या अधिकारक्षेत्रात दिलेला निर्णय रद्द करण्याचा किंवा त्यावर शंका घेण्याचा अधिकार नियमाने कोणत्याच पंचाला दिलेला नाही. त्याने आखूड शिट्टी देऊन जवळ यावे, प्रेक्षकांना ओठांची हालचालही दिसू नये अशा बेताने “तांबड्याचे बोट लागले, मी पाहिले” एवढेच सांगावे, आणि निर्णय बदलायचा की नाही हे ज्याने तो दिला त्याच्यावर सोपवावे. ज्याने दिला त्यानेच फिरविला, म्हणजे त्यात कुणाचा मानभंग होत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ जन्माला घातला, तेव्हाच त्यांनी एका अधिकाऱ्याकडे माणसांचा आणि दुसऱ्याकडे चेंडूचा निवाडा सोपवून कामाची वाटणी करून टाकली होती; आज ती वाटणी कितीतरी बारीक झाली असली, तरी ज्याचे क्षेत्र त्याचा शब्द हे तत्त्व तेच राहिले आहे. पंचांचे एकमत होतच नसेल, तर मात्र मुख्य पंचाचा शब्द अखेरचा.

दुसरा वर्ग अधिक गहन आहे, आणि नवा पंच अडखळतो तो बहुधा येथेच. नियमपुस्तकाचे ४४ वे कलम दुरुस्त होऊ शकणाऱ्या चुकांविषयी आहे, आणि त्यात अशा चार, आणि चारच, चुका मोजून सांगितल्या आहेत: देय नसलेले फ्री थ्रो देणे, देय असलेले फ्री थ्रो न देणे, गुण चुकीने देणे किंवा रद्द करणे, आणि फ्री थ्रो भलत्याच खेळाडूला टाकू देणे. प्रशिक्षक कितीही तळमळीने सांगत असला, तरी या यादीत पाचवी चूक घुसडता येत नाही. आता मुदत. चूक घडल्यानंतर खेळाचे घड्याळ सुरू होते. त्यानंतर केव्हातरी चेंडू प्रथमच ‘डेड’ होतो. आणि मग तो पुन्हा ‘लाइव्ह’ होतो. हा पुन्हा लाइव्ह होण्याचा क्षण म्हणजे मुदतीची अखेर. त्याच्या आधी पंचांपैकी किंवा टेबलावरील अधिकाऱ्यांपैकी कुणाच्याही, किंवा कमिशनर हजर असल्यास त्याच्या, ध्यानात चूक आली, तर ती दुरुस्त करता येते. त्या क्षणानंतर ती कितीही ढळढळीत असली तरी खेळाचा भाग होऊन बसते. थ्रो-इनच्या वेळी चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या हवाली होताच तो लाइव्ह होतो, फ्री थ्रोलाही तसेच, आणि जंप बॉलला तो उडविणाऱ्या पंचाच्या हातातून सुटला की.

येथे एक पोटबाब आहे, जी वर्गात शिकविली जाते पण मैदानावर विसरली जाते. चेंडू डेड होण्यासाठी शिट्टी वाजलीच पाहिजे असे नाही; बास्केट झाली की चेंडू आपोआप डेड होतो, आणि विरुद्ध संघाच्या खेळाडूने तो जाळ्याखालून उचलून तळरेषेबाहेर पाऊल ठेवले की पुन्हा लाइव्ह. म्हणजे काही प्रसंगी संपूर्ण मुदत दोन-तीन सेकंदांत उलटते, आणि तेवढ्या अवधीत घड्याळही चालूच असते. गुणलेखकाला घड्याळ चालू असताना चूक आढळली, तर त्याने पहिल्या डेड बॉलची वाट पाहून मगच आपला इशारा द्यावा असा नियम आहे. याचा अर्थ बास्केट होताच त्याचा अंगठा बटणावर असायला हवा. हे त्याला सामन्याआधीच सांगून ठेवणे मुख्य पंचाचे काम होय. पंचाच्या स्वतःच्या लक्षात चूक आली, तर तो खेळ तत्काळ थांबवू शकतो; अट एवढीच की तसे करण्याने कोणत्याही संघाचे नुकसान होता कामा नये. एखादा खेळाडू मोकळ्या मैदानात एकटाच बास्केटकडे धावत असताना शिट्टी फुंकून हिशेब तपासायला बसणे, ही दुरुस्ती म्हणजे दुसरी चूकच.

एक प्रसंग तपशिलाने पाहू, कारण शालेय सामन्यांत हाच सर्वाधिक उद्भवतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये निळ्या संघाचे चार फाउल झाले आहेत. नियमाप्रमाणे चौथ्या फाउलनंतर चेंडू लाइव्ह होताच टेबलावर त्या संघाच्या बाजूला तांबडी निशाणी उभी राहायला हवी, पण गुणलेखकाच्या शेजारी बसलेला मदतनीस पाण्याच्या बाटल्या मोजण्यात गुंतला असल्यामुळे ती आडवीच राहिली. निळ्यांनी तांबड्यांच्या ७ क्रमांकाच्या खेळाडूला धरले. तो त्या वेळी शॉट मारीत नव्हता. हा पाचवा फाउल, म्हणजे दोन फ्री थ्रो. पंचाने निशाणी पाहिली नाही, बाजूच्या रेषेवरून थ्रो-इन दिला, घड्याळ सुरू झाले, तांबड्यांचा शॉट हुकला, निळ्यांनी चेंडू पकडून प्रतिहल्ला चढविला, आणि तांबड्यांच्या हाताला लागून तो रेषेबाहेर गेला. शिट्टी वाजली, आणि त्याच क्षणी टेबलावरून भोंगाही वाजला. येथे पंचाने काय करावे? मुदत शिल्लक आहे. फक्त चेंडू निळ्यांच्या हाती देण्याची घाई मात्र करता कामा नये. ७ क्रमांकाच्या खेळाडूने दोन फ्री थ्रो टाकावेत. बाकीच्या खेळाडूंनी रिबाउंडसाठी रांगेत उभे राहू नये, कारण चूक घडल्यानंतर चेंडूचा ताबा बदललेला आहे. आणि मग खेळ जेथे थांबला होता तेथूनच, म्हणजे निळ्यांच्या थ्रो-इनने सुरू व्हावा. मधल्या काळात खर्च झालेला वेळ, झालेले गुण, झालेले फाउल, सारे कायम. ७ क्रमांकाचा खेळाडू दरम्यान बदली होऊन बाकावर बसला असेल, तर त्याला फ्री थ्रोसाठी पुन्हा आत यावे लागते; तो जखमी होऊन बाहेर गेला असेल, किंवा पाच फाउल होऊन बाद झाला असेल, तर त्याच्या जागी आलेल्याने ते टाकायचे.

आता यात थोडा बदल करून पाहा. चेंडूचा ताबा मध्यंतरी बदललाच नसेल, तर दुसरा फ्री थ्रो नेहमीच्या अखेरच्या फ्री थ्रोप्रमाणे धरून रिबाउंडसह खेळ चालू होतो. आणि चुकीने मिळालेल्या त्या थ्रो-इनवरून तांबड्यांनी बास्केटच केली असेल, तर? तर चूक विचारात घ्यायचीच नाही. त्यांना फ्री थ्रोही नाहीत. नव्या पंचांना हे खटकते, परंतु विचार केल्यास यात न्यायच दिसतो, कारण ज्याच्यावर अन्याय झाला म्हणायचे त्याने त्या अन्यायातूनच गुण वसूल केलेले असतात.

याच्या उलट, चौथा फाउल पाचवा समजून फ्री थ्रो बहाल झाले असतील, तर ते रद्द करायचे, आत गेले असले तरी. घड्याळ अजून सुरू झाले नसेल, तर ज्या संघाचे फ्री थ्रो रद्द झाले त्यालाच थ्रो-इन मिळतो. घड्याळ सुरू होऊन चेंडू अजून त्याच संघाकडे असेल किंवा कुणाच्याच ताब्यात नसेल, तरीही त्यालाच. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला असेल, तर ती जंप बॉलची स्थिती समजून टेबलावरील बाण ज्याच्या बाजूला असेल त्याला चेंडू द्यावा. भलत्याच खेळाडूने फ्री थ्रो टाकले, तर ते रद्द होऊन चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. पहिला फ्री थ्रो त्याच्या हातातून सुटण्यापूर्वीच ही अदलाबदल लक्षात आली, तर मात्र कोणतीही शिक्षा न करता योग्य खेळाडूला पुढे बोलवावे. म्हणूनच फाउल झाल्यावर कुणाला लागले त्याचा क्रमांक पंचाने मनाशी घोकून ठेवावा. या एका सवयीने हा प्रकार जवळजवळ नाहीसा होतो.

नजरचुकीने वाजलेली शिट्टी ही चारांत मोडत नाही, तरी प्रत्येक पंचाच्या वाट्याला ती केव्हा ना केव्हा येतेच. ज्या संघाकडे चेंडू होता त्याला थ्रो-इन द्यावा. चेंडू शॉट म्हणून हवेत असताना शिट्टी वाजली असेल, तर तो आत गेल्यास गुण धरावेत. काल्पनिक फाउल दाखवून शिट्टीचे समर्थन करणारे पंच अजूनही भेटतात. त्यांना परवाना कुणी दिला, असा प्रश्न मनात येतो.

तिसरा वर्ग टेबलाचा. गुणसंख्या, फाउलांची संख्या, टाइम-आउट, घड्याळाचे कमीजास्त झालेले सेकंद, यांतील नोंदीची चूक मुख्य पंचाची सही गुणपत्रिकेवर होईपर्यंत केव्हाही दुरुस्त करता येते. पंचाने तीन बोटे दाखविली आणि गुणलेखकाने दोनच गुण मांडले, तर ती ४४ व्या कलमातील गुण चुकीने देण्याची चूक मुळीच नव्हे. ती लेखनिकाची चूक, आणि सामना संपल्यानंतरही ती सुधारता येते. हा भेद न कळल्यामुळे हकनाक तंटे होतात. गुणफलक आणि गुणपत्रिकेतील रनिंग स्कोअर यांत तफावत पडली आणि तिचा उलगडा होईना, तर रनिंग स्कोअर ग्राह्य धरून फलक दुरुस्त करावा. प्रत्येक क्वार्टर संपताच हे दोन्ही आकडे ताडून पाहण्याची शिस्त लावली, की सामन्याच्या अखेरीस दोन्ही संघांचे पालक टेबलाभोवती गराडा घालून उभे राहिले आहेत आणि गुणलेखक घामाघूम होऊन रेघोट्या मोजतो आहे, हे दृश्य टळते.

टेबलावरील नोंद ही किती दूरगामी बाब आहे, याचे उदाहरण अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमध्येच घडले आहे. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा येथे हॉक्स आणि मायामी हीट यांच्यातील सामन्याच्या जादा वेळेत शकील ओनील याला सहा फाउल झाल्याचे सांगून बाद करण्यात आले. तेथे पाचांऐवजी सहा फाउलांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात त्याचे पाचच झाले होते. सहकाऱ्याचा एक फाउल टेबलाने त्याच्या खाती मांडला होता. हीटने तक्रार दाखल केली, लीगने ती मान्य केली, हॉक्सला ५०,००० डॉलर दंड ठोठावला, आणि शेवटची ५१.९ सेकंदे पुन्हा खेळवण्याचा हुकूम दिला. ती ८ मार्च २००८ रोजी खेळली गेली तेव्हा ओनील हीटमध्ये उरलाही नव्हता, त्याची फिनिक्सला बदली झाली होती; दोन्ही संघांपैकी कुणालाही त्या सेकंदांत गुण मिळाला नाही, आणि हॉक्सने सामना ११४–१११ असा जिंकला. एका रकान्यातील एका खुणेची ही किंमत.

घड्याळाच्या दुरुस्तीविषयी बोलताना १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील अंतिम सामना टाळून पुढे जाता येत नाही. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्स याने दोन फ्री थ्रो टाकून अमेरिकेला ५०–४९ अशी आघाडी मिळवून दिली. त्याच गडबडीत टेबलावरून भोंगा वाजला, आणि आपण मागितलेला टाइम-आउट मिळाला नाही, अशी सोव्हिएत पक्षाची तक्रार आली. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद उरला असताना थांबविण्यात आला. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ तीन सेकंदांवर न्यावे असे त्यांनी बजावले. दुसऱ्या खेपेस घड्याळ अजून लावले जात असतानाच चेंडू खेळात दिला गेला. भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले, आणि पुन्हा सारे रद्द. तिसऱ्या खेपेस इव्हान एदेश्को याने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकलेला चेंडू अलेक्झांडर बेलोव याने पकडून आत घातला, आणि सोव्हिएत संघ ५१–५० असा विजयी झाला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रिकेवर सही करण्याचे नाकारले. अमेरिकेचे अपील पाच जणांच्या समितीने ३–२ असे फेटाळले. आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके आजतागायत स्वीकारलेली नाहीत.

या प्रकरणात खरा पक्ष कोणाचा, याची चर्चा अर्धशतक चालली आहे आणि पुढेही चालेल. पंचाने त्यातून घ्यावयाचे ते अगदी व्यावहारिक आहे. दुरुस्तीचा हुकूम मैदानावरील पंचांकडूनच निघाला पाहिजे; प्रेक्षकांत बसलेला माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, आपल्याकडे मग तो स्पर्धेचा आयोजक असो की शाळेचा मुख्याध्यापक, त्याने दाखविलेल्या बोटांवरून घड्याळ फिरता कामा नये. आणि दुसरे असे, की घड्याळावर किती सेकंद असायला हवेत हे दोन्ही प्रशिक्षकांना ऐकू जाईल असे सांगून, फलकावर तेवढेच दिसत असल्याची खातरजमा करून, वेळाधिकाऱ्याकडून हाताने तयारीची खूण घेतल्यावाचून पंचाने चेंडू हातावेगळा करू नये. म्युनिकच्या दुसऱ्या खेपेस नेमका हाच टप्पा गाळला गेला होता.

आता दुरुस्ती करण्याच्या रीतीविषयी. चूक ध्यानात येताच मुख्य पंचाने खेळ थांबवून खेळाडूंना आपापल्या बाकाकडे पाठवावे, सहपंचाला घेऊन टेबलाशी जावे, आणि तीन गोष्टी क्रमाने निश्चित कराव्यात: चूक नेमकी कोणती, ती केव्हा घडली, आणि त्यानंतर ताबा बदलला काय. मग दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावून, एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून असे न करता, मोजक्या शब्दांत निर्णय सांगावा. “निळ्यांचा तो पाचवा फाउल होता. तांबड्यांना दोन फ्री थ्रो द्यायचे राहिले, ते आता देतो. नंतर चेंडू निळ्यांचाच.” यापुढे एक शब्दही बोलण्याची गरज नाही. कलमाचा क्रमांक सांगून पांडित्य दाखवू नये; चूक टेबलाची होती असे सांगून आपली सुटकाही करून घेऊ नये, कारण टेबल हे पंचमंडळाचेच अंग आहे आणि त्यावर बसलेला सोळा वर्षांचा विद्यार्थी पुढच्या सामन्याला पुन्हा तेथे बसावा अशी आपली इच्छा असते. प्रशिक्षकाने “सर, पण मागच्या वेळी...” असे सुरू केल्यास ऐकून घ्यावे, मान हलवावी, आणि खेळ चालू करावा.

सर्वांत घातक दुरुस्ती ती, जी कोणत्याच नियमात नाही आणि तरीही सर्रास केली जाते. आपण तांबड्यांवर मघाशी अन्याय केला अशी टोचणी पंचाच्या मनाला लागते, आणि पुढच्या दोन मिनिटांत निळ्यांविरुद्ध एखादा हलकासा स्पर्श फाउल ठरवून तो हिशेब मिटवतो. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या तोलात मूठभर धान्य कमी पडले, म्हणून संध्याकाळी दुसऱ्याच्या पोत्यातून मूठभर काढून त्याला देणाऱ्या वाण्याला आपण प्रामाणिक म्हणणार नाही. खेळाडूंना असा भरपाईचा फाउल लगेच ओळखू येतो, आणि ज्याला तो मिळाला त्या संघाचाही पंचावरचा विश्वास त्या क्षणी उडतो. पुढे आपल्यावरही अशीच वसुली होईल हे त्यालाही कळून चुकते.

मोठ्या स्पर्धांत आता चित्रफीत पाहून खातरजमा करण्याची सोय आहे. २००२ च्या एका उपांत्य लढतीत लॉस एंजलिस लेकर्सच्या समाकी वॉकरने पूर्वार्धाच्या अखेरीस भोंग्यानंतर हातावेगळा केलेला शॉट ग्राह्य धरला गेला आणि लेकर्सने तो सामना एका गुणाने जिंकला. त्यानंतरच्याच मोसमापासून एनबीएने ही पद्धत आणली. आपल्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर ती येण्यास अवकाश आहे, आणि प्रेक्षकांतल्या कुणी आपल्या मोबाइलवरील चित्रण पुढे केले, तर ते पाहू नये. ते पाहण्याची तरतूद नसताना पाहिलेले चित्रण हा पुरावा होत नाही.

सामना संपल्यावर मुख्य पंचाने सहीची घाई करू नये. ज्या संघाला तक्रार करायची असेल त्याच्या कर्णधाराने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचाला तसे कळवून गुणपत्रिकेवरील नेमलेल्या जागी सही करायची असते. तोवर गुणांची बेरीज, फाउलांचे रकाने आणि टाइम-आउटच्या चौकटी पुन्हा एकदा नजरेखालून घालाव्यात. येथे सापडलेली नोंदीची चूक निकाल बदलणारी असली तरीही दुरुस्त करणे भागच आहे. सही झाली की पंचांचा सामन्याशी असलेला संबंध संपतो. त्यानंतर चूक उघडकीस आल्यास गुणपत्रिकेवर खाडाखोड करू नये. त्याच दिवशी आयोजक संघटनेकडे लेखी अहवाल धाडावा, आणि त्यात चूक कोणत्या क्वार्टरमध्ये, घड्याळावर किती वेळ असताना, कोणती गुणसंख्या असताना घडली, ती कुणाच्या ध्यानात केव्हा आली, आणि तेव्हा टेबलावर कोण कोण हजर होते, एवढे नमूद करावे. निकालाचे काय करायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या संघटनेचा.